ओझे ठेवायचे कोठे? विजेच्या विमानाचा तोल आणि त्याचा इतिहास



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून काहींच्या मनात शंका आली असेल की, मुलांच्या खेळण्यावर हे गृहस्थ तासभर काय बोलणार? शंका अगदीच गैर नाही. विजेच्या मोटारीवर उडणारे, जमिनीवरून रेडिओच्या लहरींनी चालवायचे, हात-दोन हात लांबीचे विमान. त्यात बॅटरी कोठे आणि कशी बसवायची आणि विमानाचा तोल कसा साधायचा, एवढाच हा विषय. पण या एवढ्याशा प्रश्नामागे दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्यात माणसांचे प्राणही गेले आहेत. आकाशात उडू पाहणाऱ्या बहुतेकांनी ओझे किती हा प्रश्न विचारला. ओझे कोठे, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. माझ्या मते इतिहासाच्या दृष्टीने या दुसऱ्या प्रश्नाचे मोल अधिक आहे.

आपल्यापैकी ज्यांचा खेड्याशी संबंध आहे त्यांना ‘उलाळ’ हा शब्द समजावून सांगायला नको. बैलगाडीत मागच्या बाजूस पोती जास्त पडली म्हणजे गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला पट्टा आवळतो. पुढे पोती जास्त झाली तर सगळा भार मानेवर येतो आणि बैल पाय ओढीत चालतात. शहाणा गाडीवान अशा वेळी एक पोते पुढे किंवा मागे सरकवतो. तेवढ्याने भागत नसेल तर स्वतःच जरा सरकून बसतो. पोती तेवढीच, गाडी तीच, पण बैलांना जणू दुसरी गाडी जोडली आहे असे वाटावे!

विमानाची गोष्ट याच जातीची आहे. फरक इतकाच की गाडीचा आस डोळ्यांना दिसतो, विमानाचा दिसत नाही. सगळे वजन जेथे एकवटले आहे असे मानता येते, तो गुरुत्वमध्य. हा मध्य योग्य जागेच्या पुढे राहिला, तर वाऱ्याच्या झटक्याने नाक वर उचलले गेले तरी पंख आणि शेपूट यांवर वाढलेली उचल त्याच्या मागे पडते आणि नाक आपोआप खाली येते. तो फार मागे गेला, तर तीच वाढलेली उचल नाकाला आणखी वर ढकलते. मग विमान उभे राहते, पंखांची हवेवरील पकड सुटते आणि ते दगडासारखे खाली येते. नाक जड झालेले विमान आळशी असते, पण बहुधा सांभाळता येते. शेपूट जड झालेले विमान उलाळ झालेल्या गाडीसारखे, आणि येथे चाके जमिनीवर नाहीत.

हे प्रथम नीट ओळखले ते इंग्लंडातील यॉर्कशायरच्या सर जॉर्ज केली या जमीनदाराने. १८०४ साली त्याने एक छोटे विमान केले. एक काठी, तिच्यावर पतंगाच्या आकाराचा पंख, मागे हवी तशी वळवता येणारी शेपटी. आणि गुरुत्वमध्य पुढेमागे करता यावा म्हणून एक सरकते वजन. या सरकत्या वजनावर मी जरा रेंगाळणार आहे. त्या काळी उडण्याचा विचार करणारे लोक पक्ष्यांसारखे पंख फडफडवण्याच्या नादात होते. केलीजवळ इंजिन नव्हते, आणि आपण असल्या काठीवर बसून उडणार नाही हेही त्याला ठाऊक होते. पण विमान ‘ठाकठीक करणे’ ही स्वतंत्र विद्या आहे हे त्याला उमगले होते. उडवून पाहावे, नाक वर काढते असे दिसले तर वजन पुढे सरकवावे, पुन्हा उडवून पाहावे. आज एखादा शाळकरी मुलगा मैदानावर आपल्या विमानातली बॅटरी बोटभर पुढे सरकवून पुन्हा हात उंचावतो, तेव्हा तो केलीचाच प्रयोग करीत असतो.

केलीच्या मागोमाग फ्रान्समधील आल्फोन्स पेनो या तरुणाचे नाव घ्यावे लागते. १८७१ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या त्विलेरी बागेत त्याने अवघ्या सोळा ग्रॅम वजनाचे, पीळ दिलेल्या रबरावर चालणारे विमान लोकांसमोर उडवले. ते अकरा सेकंद उडाले, आणि कोणीही हात न लावता स्वतःचा तोल स्वतः सांभाळत उडाले. पेनोला पुढे मोठे विमान बांधायचे होते. त्याला साहाय्य मिळाले नाही आणि १८८० साली वयाच्या तिसाव्या वर्षी त्याने आत्महत्या केली. त्याच्याच पद्धतीचे एक उडते खेळणे १८७८ साली अमेरिकेतील एका पाद्र्याने आपल्या दोन लहान मुलांसाठी घरी आणले होते. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. खेळण्यांना हसणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

आता विजेकडे वळू. वीज आकाशात गेली ती विमानातून नव्हे, वायूने भरलेल्या विमाननौकेतून. १८८३ साली तिसांदिए बंधूंनी पॅरिसजवळ असा पहिला प्रयत्न केला. पण खरे यश आले ९ ऑगस्ट १८८४ रोजी, रेनार आणि क्रेब्स या दोन फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यांना. त्यांची ‘ला फ्रान्स’ ही नौका सुमारे आठ किलोमीटरचा फेरा तेवीस मिनिटांत पुरा करून निघाली होती तेथेच परत उतरली. वाऱ्याच्या मर्जीवर न जाता माणूस हवेतून आपल्या जागी परत आला, ही साधी घटना नव्हे. या नौकेतील बॅटरीचे वजन होते ४३५ किलोग्रॅम! सहा धडधाकट माणसांएवढे ओझे, आणि त्यातून काम मिळाले पाऊण तासाच्या आतले. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरीच एक वस्तू. या नौकेत तोल ढळला तर सावरण्यासाठी एक सरकते वजनही बसवले होते. केलीच्या काठीवरचे वजन ऐंशी वर्षांनी पुन्हा भेटते ते असे.

वायूची पिशवी हे ओझे उचलू शकत होती. पंख उचलू शकत नव्हते. पाण्यावर तर गोष्ट उलटीच असते. १८९८ साली निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तारेवाचून चालणारी छोटी होडी लोकांना दाखवली. रेडिओने चालवलेल्या यंत्रांची ती मूळ पणजी म्हटली पाहिजे. तिच्यातही बॅटरीच होती, आणि होडीला तिचा जाच नव्हता, कारण होडीच्या तळाशी वजन असलेले बरेच असते. आपले नाखवेही रिकाम्या गलबतात दगड भरतात. जे ओझे होडीला पाय रोवून उभे करते तेच विमानाला खाली खेचते. म्हणून विजेच्या होड्या, विजेच्या मोटारगाड्या, विजेच्या पाणबुड्या झाल्या, तरी विजेचे विमान मात्र खोळंबून राहिले.

दरम्यान मोठ्या विमानांच्या इतिहासात तोलाने आपली किंमत वसूल केली. जर्मनीतील ऑटो लिलिएन्थाल हा पंखांना लोंबकळून टेकडीवरून उडत असे आणि स्वतःचे शरीर पुढेमागे झुलवून तोल राखी. गाडीवान सरकून बसतो तोच हा उपाय, फक्त येथे गाडीवान हवेत. ९ ऑगस्ट १८९६ रोजी त्याचे विमान हवेत उभे राहिले, शरीर पुढे झोकूनही ते सावरले नाही, आणि दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये त्याचा अंत झाला. राइट बंधूंनी १९०३ साली इंजिनाचे विमान उडवले खरे, पण ते घोड्यासारखे वरखाली उसळ्या मारी. १९०४ साली त्यांनी आधी इंजिन आणि चालकाची जागा मागे सरकवून पाहिली, उसळ्या वाढल्या! मग सगळे पूर्ववत करून त्यांनी पुढच्या भागात सत्तर पौंड लोखंड बांधले. एकेक पौंड वाचवण्यासाठी रात्रीचा दिवस करणाऱ्या त्या दोघांनी आपल्या हाताने विमानात बत्तीस किलो निर्जीव लोखंड घातले, यावरून जागेचे महत्त्व वजनाच्या वर कसे चढते ते दिसेल.

आता आपल्या छोट्या विमानाकडे येऊ. रेडिओने चालणाऱ्या विमानात बॅटरी शिरली ती मोटारीच्या आधी. १९३७ साली अमेरिकेत मिशिगन राज्यातील कालामाझू येथे वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ नावाचे विमान रेडिओने चालवले. त्याचे इंजिन पेट्रोलचे होते. पण संदेश झेलणारे यंत्र दिव्यांचे, म्हणजे जुन्या रेडिओत लालसर पेटणाऱ्या काचेच्या नळ्यांचे. त्या नळ्यांची तार तापवायला एक बॅटरी, आणि जास्त दाबाची वीज पुरवायला दुसरी. चालना पेट्रोलची असली तरी विजेचे ओझे विमानात आलेच, आणि ते कोठे ठेवायचे हा प्रश्नही आला. ते विमान आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

३० जून १९५७ या दिवशी इंग्लंडातील कर्नल टॅपलिन यांनी आपल्या ‘रेडिओ क्वीन’ या विमानातले इंजिन काढून तेथे विजेची मोटार बसवली आणि ते रेडिओच्या आधारे उडवले. विजेवर उडालेल्या रेडिओ-नियंत्रित विमानाची ही पहिली नोंद मानली जाते. त्यांनी घट वापरले ते चांदी आणि जस्ताचे. हे घट महाग, थोड्याच वेळा भरता येणारे, पण वजनाच्या मानाने बलवान. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रशियाने सोडलेल्या पहिल्या स्पुटनिकमध्येही चांदी-जस्ताचेच घट होते, आणि त्याच्या ८३.६ किलोग्रॅम वजनापैकी ५१ किलोग्रॅम वजन एकट्या बॅटरीचे होते. इंग्लंडातील छंद आणि पृथ्वीचा पहिला कृत्रिम उपग्रह एकाच वर्षी एकाच ओझ्याखाली वाकले होते, हा योगायोग मला मोठा बोलका वाटतो.

याच सुमारास जर्मनीत फ्रेड मिलिटकी हा माणूस चिकाटीने काम करीत होता. टॅपलिन यांनी जास्त शक्तीचा घट शोधला. मिलिटकीने उलट दिशेने विचार केला की, थोड्या शक्तीत उडेल असे विमानच का करू नये? हलकी मोटार, दातेरी चाकांनी सावकाश फिरवलेला मोठा पंखा, लांब पंख. १९६० साली ग्राउप्नर या खेळण्यांच्या प्रसिद्ध कारखान्याने त्याचे ‘सिलेंटियस’ विकायला काढले. त्याला रेडिओ नव्हता, पण नावाप्रमाणे ते निःशब्द होते. १९७२ साली त्याच कारखान्याने ‘हाय-फ्लाय’ हे रेडिओने चालणारे विजेचे विमान बाजारात आणले, आणि १९७३ च्या ऑक्टोबरात मिलिटकीच्याच कल्पनेवर बांधलेल्या विमानातून ऑस्ट्रियात हाइनो ब्रडिट्श्का हा माणूस निकेल-कॅडमियम घटांच्या जोरावर हवेत गेला. उड्डाण पाव तासाच्या आतले. पण माणूस घेऊन उडालेले पहिले विजेचे विमान ते. खेळणे आधी आणि माणूस मागून, हा क्रम येथेही चुकला नाही.

काहींनी या ओझ्याचा निकाल वेगळ्याच रीतीने लावला. १९८१ च्या जुलैत पॉल मॅकक्रेडी यांचे ‘सोलर चॅलेंजर’ सूर्यप्रकाशावर फ्रान्समधून इंग्लंडला १६३ मैल उडत गेले. त्यात उड्डाणासाठी बॅटरी ठेवलीच नव्हती. पराक्रम थोर, पण ढग आला की संपला! आपल्याला बॅटरीसह संसार करायचा आहे.

तो कसा करायचा, हे आता थोडे हिशेबाने पाहू. समजा एक किलो वजनाचे विमान आहे आणि त्याच्या पंखाची पुढून मागेपर्यंतची रुंदी वीस सेंटिमीटर आहे. अनुभव असा की गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक-तृतीयांश अंतरावर हवा. म्हणजे पाच ते साधारण साडेसहा सेंटिमीटरच्या दरम्यान. सगळी मोकळीक दीड सेंटिमीटरची, अंगठ्याच्या रुंदीएवढी. बॅटरीचे वजन दोनशे ग्रॅम धरा. ती चार सेंटिमीटर मागे सरकली की गुरुत्वमध्य आठ मिलिमीटर मागे जातो, म्हणजे निम्मी मोकळीक संपली. उलट बाजूने पाहा: शेपटीवर, तोलाच्या जागेपासून साठ सेंटिमीटर मागे, दुरुस्तीच्या निमित्ताने दहा ग्रॅम डिंक आणि लाकूड चढवले, तर एवढ्यानेच मध्य सहा मिलिमीटर मागे सरतो. म्हणून जाणते लोक शेपटीला हात लावताना सोनाराच्या काट्याने तोलतात आणि नाकाशी जरा उदार असतात. पंखाच्या त्या ठरावीक जागेखाली दोन बोटे लावून विमान उचलावे. ते आडवे राहिले, किंवा नाक किंचित खाली झुकले, तर पहिले उड्डाण करण्यास हरकत नाही. डावा-उजवा तोलही पाहावा, पण तो सहसा त्रास देत नाही.

पेट्रोलवरच्या छोट्या विमानात आणखी एक खोच असते. त्याची टाकी इंजिनाच्या लगेच मागे, पण गुरुत्वमध्याच्या पुढे असते. इंधन जळत गेले की नाक हलके होत जाते. म्हणून अशा विमानाचा तोल रिकाम्या टाकीवर पाहायचा. बॅटरी मात्र भरलेली असो वा संपलेली असो, तिचे वजन तेच. पेट्रोलचे ओझे वाटेत कमी होते, हे शेवटपर्यंत साथ सोडत नाही. पण याच कारणाने विजेचे विमान निघताना जसे तोललेले असते तसेच उतरतानाही असते. ज्या दोषाबद्दल बॅटरीला शंभर वर्षे बोल लावले, त्याच्याच पोटी हा गुण आहे.

खरी गंमत पुढे झाली. १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन घट बाजारात आणले, आणि त्यानंतरच्या पंधरा वर्षांत मऊ पिशवीतले लिथियम-पॉलिमर घट छंदी लोकांच्या हातात पडले. निकेल-कॅडमियमच्या एका किलोत साठणारी वीज चाळीस ते साठ वॅट-तास. यांच्यात ती दीडशेच्या पुढे गेली. (पेट्रोलच्या एका किलोत बारा हजारांच्या आसपास असते, हेही सांगून ठेवतो, उगाच आनंदाला भरती नको.) ओझे निम्म्याहून कमी झाले. लोकांनी आपापली जुनी विमाने काढली, त्यांत नव्या हलक्या बॅटऱ्या घातल्या, आणि पाहतात तो सगळी शेपटीकडे झुकलेली! कारण ती विमाने जड बॅटरी पुढे असणार असे धरूनच बांधली होती. मग कोणी बॅटरी थेट मोटारीच्या मागे नेऊन टेकवली, आणि जेथे जागा नव्हती तेथे नाकात शिसे भरले. दीडशे वर्षे ज्या वजनाशी झगडा केला ते सुटल्यावर त्याच्या जागी पुन्हा वजन आणून बसवायची पाळी आली. राइट बंधूंना हे पाहून हसू आले असते.

आता बसवण्याविषयी. योग्य जागा सापडली तरी बॅटरी तेथे राहिली पाहिजे. मोठ्या विमानांच्या इतिहासात याचे एक भयंकर उदाहरण आहे. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातील बगराम येथून पाच चिलखती गाड्या घेऊन एक बोइंग ७४७ मालवाहू विमान उडाले. गाड्या पट्ट्यांनी बांधल्या होत्या, पण अपुऱ्या. उड्डाण होताच निदान एक गाडी सुटून मागे घरंगळली. तिने शेपटीजवळील यंत्रणा मोडली, नाक वर झाले आणि चालकांना ते खाली आणता आले नाही. विमानातील सातही माणसे मरण पावली. आपल्या छोट्या विमानातली बॅटरी अशीच वर चढताना मागे, सूर मारताना पुढे, घिरटी घेताना बाजूला सरकू पाहते, आणि तिच्या सरकण्याची सगळ्यांत मोठी संधी नेमकी उड्डाणाच्या पहिल्या क्षणी असते.

पूर्वी रबराचे पट्टे आणि फोमचा तुकडा एवढ्यावर भागवीत. हल्ली एका बाजूला आकडे आणि दुसऱ्या बाजूला मऊ फास असलेली वेल्क्रोची पट्टी वापरतात. ती स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्ट्राल याला कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बोंडांवरून सुचली. आपल्या माळावरून चालून आल्यावर धोतराला चिकटलेली कुसळे वेचीत बसणाऱ्या किती जणांना असे काही सुचले असेल! एक पट्टी बॅटरीच्या बुडाला आणि दुसरी पट्ट्यासारखी तिच्याभोवती, अशा दोन्ही लागतात. नुसती बुडाची पट्टी हिसक्याने सुटते. बॅटरी ठेवण्याची फळी दोन-तीन बोटे जास्त लांब ठेवावी, म्हणजे सरकवायला वाव राहतो; आणि जागा नक्की झाली की पेन्सिलीने तेथे रेघ मारावी, नाही तर पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

नाकातली जागा तोलाला उत्तम असली तरी निर्धोक नाही. विमान आपटते ते बहुधा नाकावर, आणि लिथियम-पॉलिमरची पिशवी चेपली किंवा तिला भोक पडले की ती पेट घेऊ शकते, कधी कधी काही वेळाने. म्हणून तिच्यापुढे खिळा, स्क्रूचे टोक, तारेची कड असे काही असू नये. तिला हवा लागावी. आणि आपटलेली बॅटरी वरून धड दिसली तरी घरात न आणता उघड्यावर, जळण्यासारखे काही जवळ नसेल अशा ठिकाणी ठेवून तिच्यावर लक्ष ठेवावे. तोलासाठी पुढे आणि जिवासाठी मागे, अशी ओढाताण प्रत्येक विमानात असते आणि प्रत्येक बांधणारा ती आपापल्या परीने मिटवतो.

हीच ओढाताण आता मोठ्या विमानांतही आली आहे. २०२० च्या जूनमध्ये युरोपच्या विमान-सुरक्षा संस्थेने स्लोव्हेनियातील पिपिस्ट्रेल कारखान्याच्या ‘वेलिस इलेक्ट्रो’ या दोन आसनांच्या विजेच्या विमानाला मान्यता दिली. पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या विमानाला मिळालेली अशी ही पहिलीच मान्यता. त्यात बॅटरीचे दोन संच आहेत. एक बिघडला तर दुसरा कामी यावा म्हणून दोन केले, आणि दोन झाल्यावर ते ठेवले कसे म्हणाल, तर एक नाकात आणि दुसरा बैठकीच्या मागे, कावडीसारखे.